आजोबा चालतात, नातू पळतो

बंगळुरूच्या जे. पी. नगरमध्ये, सातव्या फेजमधल्या पुट्टेनहळ्ळी तळ्याकाठी फिरायला येणाऱ्यांचे पाय नव्हे, डोकी पाहावीत. चालणाऱ्याचं डोकं दर पावलाला किंचित वर-खाली होतं, पळणाऱ्याचंही होतं. पण वेळ उलटी असते. टेकलेल्या पायावरून शरीर जात असताना चालणारा सर्वांत उंच असतो. पळणारा त्याच क्षणी, गुडघा वाकवून, सर्वांत खाली असतो.

पळणं म्हणजे भराभर चालणं नव्हेच.

चालताना टेकलेला पाय जवळजवळ ताठ राहतो आणि शरीर त्याच्यावरून उलट्या लंबकासारखं झुकत जातं. वर चढताना वेग थोडा कमी होतो, उतरताना परत मिळतो. स्नायूंचे बरेच कष्ट त्यात वाचतात. मात्र शरीर असं कमानीतून फिरत असल्याने वेगाला मर्यादा येते : फार वेग घेतला, तर गुरुत्वाकर्षण त्याला कमानीवर धरून ठेवू शकत नाही. 90 सेंटिमीटर लांब पायासाठी ही हद्द ताशी सुमारे 11 किलोमीटर भरते. प्रत्यक्षात बहुतेक जण सातच्या आसपासच पळू लागतात. पाय जितका आखूड, तितकी हद्द अलीकडे. आजोबांसोबतचा नातू उगाच दुडुदुडु पळत नाही, त्याचा नाइलाज असतो.

पळताना काही क्षण दोन्ही पाय हवेत असतात आणि टेकणाऱ्या पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर येतो. हा जोर वाया जात नाही. टाचेमागचा अकिलीस टेंडन आणि तळपायाची कमान स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि पुढच्या पावलाला ऊर्जा परत देते. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॅक्नील अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार, दर पावलाला खर्ची पडू पाहणाऱ्या ऊर्जेपैकी निम्मी या दोघांत साठते.

या स्प्रिंगला लय लागते, आणि स्टीपलचेस ही शर्यत नेमकी लयच मोडते. 3000 मीटरमध्ये 28 अडथळे आणि सात पाणउड्या. पुरुषांसाठीचा अडथळा 91.4 सेंटिमीटर उंच. धक्का लागला तरी तो पडत नाही, धावपटूच पडतो. पाणउडीत तर बहुतेक जण लाकडावर पाय देऊन झेपावतात आणि पाण्यात एका पायावर उतरतात. तिथून पुन्हा वेग पकडायचा तो स्नायूंच्या जिवावर. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हे सगळं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत पार केलं आणि रौप्य जिंकलं. केनियाचा अब्राहम किबिवोट 0.05 सेकंदांनी पुढे राहिला.