आईच्या चेहऱ्यावरची भीती त्याला दिसत का नाही?

तीन रात्री पोरगा झोपलेला नाही, तरी थकवा नाही. पहाटे चारला उठून खोली झाडतो, सगळ्यांना उठवून चहा पाजतो, बोलणं थांबतच नाही. उधारीवर नवी मोटारसायकल घ्यायची म्हणतो. आईचा जीव खालीवर होतो. ती रडवेल्या तोंडानं त्याच्याकडे बघते आणि तो हसून म्हणतो, "काय गं आई, आज लई खुशीत दिसतेस!" शेजारीपाजारी म्हणतात, पोराला काळीजच नाही. कुणी म्हणतं, बाहेरचं आहे, भगताकडे न्या.

काळीज जागेवरच असतं आणि बाहेरचं काही नसतं. हा उन्माद आहे. डॉक्टर त्याला मॅनिया म्हणतात. बायपोलर या आजारात मन कधी असं वर चढतं, कधी खोल बुडतं, तर मधले कित्येक महिने नीटही असतं.

समोरच्याचा चेहरा वाचणं हे मेंदूचं काम आहे आणि मन ज्या रंगात असेल तो रंग त्यात उतरतो. आपल्यालाही बोनस मिळाल्या दिवशी मुकादम भला माणूस वाटतो! उन्मादात मात्र हे फार पुढं जातं. आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य अशा सहा भावांचे फोटो दाखवून ही तपासणी करतात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्मादातल्या रुग्णांना त्यातली भीती आणि किळस ओळखणं विशेष अवघड गेलं. आता विचार करा, 'थांब, पुरे झालं' असं आपला चेहरा सांगतो तो याच भावांनी. म्हणजे नेमका ब्रेकच लागत नाही. उदासीच्या काळात उलटं होतं. बायको नुसती गप्प बसली तरी ती नाराज आहे असं वाटतं. मन स्थिर झालं की ही समज बरीचशी परत येते, काहींना थोडी अडचण राहते.

म्हणून घरच्यांनी डोळे वटारून, तोंड फिरवून किंवा टोमणे मारून समजवायला जाऊ नये. ते पोचत नाही, मग भांडण पेटतं. टीव्ही बंद करा. चौघांनी एकदम बोलू नका. ज्याचं तो ऐकतो अशा एकानंच हळू आवाजात, उघड शब्दांत सांगावं : "मला भीती वाटतेय. तू तीन रात्री झोपला नाहीस. आज आपण दवाखान्यात जाऊ."

झोप कमी होऊनही अंगात जोर वाढणं ही पहिली खूण. ती दिसली की वाट बघू नका. लिथियमसारख्या गोळ्या यावर १९४९ पासून माहीत आहेत. त्या चालू असताना ठरलेल्या वेळी रक्त तपासावं लागतं, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नसतात.

मन स्थिर असतानाच त्याच्याशी बसून ठरवून ठेवा : खूण दिसली तर कोण बोलणार, पैसे कोणाकडे राहणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि आपल्या वतीनं कोणी बोलावं, हे आधीच लिहून ठेवायचा हक्क त्याला दिला आहे. रात्री-अपरात्री अडलं तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर लावा. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.