पहाटेची यादी, तिकीटबारीवरची रांग

जानेवारीतली पहाट, वेळ साडेपाचची. बेव्हर्ली हिल्समध्ये अजून उजाडलेलंही नाही, पण अकॅडमीच्या सॅम्युअल गोल्डविन थिएटरात दिवे लखलखताहेत. दोन कलाकार येतात आणि ऑस्करच्या नामांकनांची यादी वाचायला घेतात. इतक्या भल्या पहाटे का, तर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये साडेआठ वाजलेले असतात आणि सकाळचे टीव्ही कार्यक्रम ऐन भरात असतात. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात झालेले असतात. वाचून व्हायला अर्धा तासही लागत नाही. त्या अर्ध्या तासात सिनेमाच्या एका चौकटीतही बदल झालेला नसतो. कथा तीच, नट तेच, लांबी तेवढीच. तरीही काल ज्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं, अशा सिनेमासाठी आठवड्याभरात हजार पडदे मोकळे होतात. मला या गोष्टीचं अपार कुतूहल वाटत आलं आहे. कारण इथे अभिरुची आणि गल्ला अगदी समोरासमोर येतात, आणि दोघांची गाठ कशी पडेल हे शेवटपर्यंत कुणालाच सांगता येत नाही.

'स्लमडॉग मिलियनेअर'चंच बघा. जुहू, धारावी आणि छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटावर चित्रित झालेला हा सिनेमा अमेरिकेत चित्रगृहांचं तोंडही पाहील की नाही, अशी परिस्थिती होती. वॉर्नरने आपली छोट्या सिनेमांची शाखा २००८ मध्ये बंद केली आणि सिनेमा थेट डीव्हीडीवर काढायचा विचार सुरू झाला. फॉक्स सर्चलाइटने तो उचलला आणि १२ नोव्हेंबरला फक्त १० चित्रगृहांत लावला. पहिल्या शनिवार-रविवारची कमाई ३ लाख ६० हजार डॉलर. आकडा लहान दिसतो, पण दहाने भागा. एका चित्रगृहामागे ३६ हजार डॉलर, म्हणजे खेळामागून खेळ भरलेले. वितरक एकूण बेरजेआधी हा भागाकार बघतो. थोड्या पडद्यांवर गर्दी मावत नसेल तरच पडदे वाढवायचे. दुसऱ्या आठवड्यात ३२ चित्रगृहं झाली. आणि गंमत म्हणजे मूळच्या दहा चित्रगृहांतली गर्दी कमी होण्याऐवजी वाढली! नाताळात सहाशेच्या वर पडदे. २२ जानेवारी २००९ ला दहा नामांकनं जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी पडद्यांची संख्या १,४०० च्या पुढे गेली. २२ फेब्रुवारीला आठ ऑस्कर मिळाली, आणि पुढच्या शनिवार-रविवारी २,९४३ चित्रगृहांत सिनेमा चालू होता. कमाई आदल्या आठवड्यापेक्षा ४३ टक्के जास्त. साडेतीन महिने जुन्या सिनेमाची कमाई अशी वर चढावी, हे तिकीटबारीच्या नेहमीच्या नियमाच्या अगदी उलट आहे. सिनेमा लागतो, पहिल्या आठवड्यात जे मिळायचं ते मिळतं, मग उतरण सुरू. इथे सुरुवातीचे ३ लाख ६० हजार उत्तर अमेरिकेत १४ कोटी डॉलरांवर गेले आणि जगभरात ३७ कोटींच्या पुढे. बनवायला लागले होते दीड कोटी. ज्या मुंबईची ही गोष्ट, तिथे मात्र त्याचं स्वागत बेताचंच झालं.

दहा पडद्यांवरून सुरुवात करायची ही पद्धत आली कुठून? वर्षअखेरीस थोड्या पडद्यांवर सिनेमा लावून नामांकनाची वाट बघायची, या डावपेचाचा गाजलेला पहिला धडा म्हणजे १९७८ चा 'द डिअर हंटर'. मायकेल चिमिनोचा हा सिनेमा तीन तासांचा, व्हिएतनामच्या युद्धावरचा, मन सुन्न करणारा. युनिव्हर्सल कंपनीला कळेना, हा विकायचा कसा? सल्ला दिला अ‍ॅलन कार यांनी. हे त्याच वर्षीच्या 'ग्रीस' या नाचगाण्यांच्या धमाल सिनेमाचे एक निर्माते. त्यांनी ओळखलं की जाहिरातीतून या सिनेमाकडे लोक येणार नाहीत. आधी कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं की हा बघण्यासारखा आहे. म्हणून डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये थोडेच दिवस, थोडेच खेळ. समीक्षकांनी आणि अकॅडमीच्या सदस्यांनी पाहावा, ऑस्करच्या पात्रतेची अट पुरी व्हावी, इतकंच. मग सिनेमा चक्क उतरवून ठेवला. ज्यांना बघायचाय त्यांना बघता येत नाही, आणि ज्यांनी पाहिलाय ते बोलत सुटलेत! नऊ नामांकनं आली आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये सिनेमा देशभर लागला. पाच ऑस्कर आणि सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर. आज डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात गंभीर सिनेमांची जी दाटी होते, तिचं मूळ या हिशोबात आहे. क्लिंट ईस्टवूडच्या 'मिलियन डॉलर बेबी'नेही हीच वाट धरली. २००४ च्या डिसेंबरात मोजक्याच पडद्यांवर लागलेल्या या सिनेमाने नामांकनापर्यंत एक कोटी डॉलरांचाही पल्ला गाठला नव्हता. नामांकनं आली, त्याच आठवड्यात तो सगळीकडे लागला आणि अखेरीस १० कोटींवर पोचला.

'टायटॅनिक'ची गोष्ट मात्र कुठल्याच हिशोबात बसत नाही, आणि मला ती अजूनही थक्क करते. १९ डिसेंबर १९९७ ला लागला तेव्हा पहिल्या तीन दिवसांत २ कोटी ८६ लाख डॉलर मिळाले. चांगले होते, पण डोळे दिपावेत असे नव्हते. एरवी मोठ्या सिनेमाचा एकूण गल्ला पहिल्या तीन दिवसांच्या तिपटीच्या आसपास थांबतो. 'टायटॅनिक'चा एकविसाव्या पटीवर थांबला: उत्तर अमेरिकेत ६० कोटी डॉलर. सलग पंधरा आठवडे पहिला क्रमांक, तो एप्रिलमध्ये जाऊन सुटला. १० फेब्रुवारी १९९८ ला चौदा नामांकनं जाहीर झाली, आणि या सिनेमाचा सगळ्यात जास्त कमाईचा दिवस उजाडला १४ फेब्रुवारीला. नवव्या शनिवारी, एका दिवसात १ कोटी ३० लाख डॉलर! आता यात नामांकनांचा वाटा किती आणि व्हॅलेंटाइन डेचा किती, हे वेगळं काढणं अवघड. त्यात त्या आठवड्याला अमेरिकेत सोमवारची सुट्टीही जोडून होती. पण त्या शनिवारी तिकीट काढणाऱ्यांत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येणारे कितीतरी होते, आणि वर्तमानपत्रांत चौदाचा आकडा झळकत होता. मार्चमध्ये पारितोषिक समारंभ झाला तेव्हा अमेरिकेत साडेपाच कोटींहून जास्त लोकांनी तो टीव्हीवर पाहिला. तो विक्रम आजही मोडलेला नाही. कारण सरळ आहे. आपण स्वतः पैसे मोजून पाहिलेला सिनेमा जिंकतो की नाही, हे लोकांना बघायचं होतं.

याच्या दुसऱ्या टोकाला २०१० ची ऑस्करची रात्र. जेम्स कॅमेरॉनचा 'अवतार' तोवर जगातला सर्वाधिक कमाईचा सिनेमा झालेला, अडीचशे कोटी डॉलरांच्या पुढे. समोर त्यांच्याच पूर्वाश्रमीच्या पत्नी कॅथरीन बिगेलो यांचा 'द हर्ट लॉकर'. दोन्हींना नऊ-नऊ नामांकनं. जिंकला 'द हर्ट लॉकर'. बिगेलो दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. आणि त्यांच्या सिनेमाची उत्तर अमेरिकेतली कमाई? शेवटपर्यंत धरली तरी १ कोटी ७० लाख डॉलर, त्यातला बराचसा भाग नामांकनाच्या आधीचा. एवढा मान मिळूनही तिकीटबारी का हलली नाही? उत्तर दिनदर्शिकेत आहे. हा सिनेमा जून २००९ मध्ये लागला होता, आणि फेब्रुवारीत नामांकनं येईपर्यंत त्याची डीव्हीडी दुकानांत आली होती. यादी वाचून ज्यांची उत्सुकता चाळवली, त्यांनी घरीच पाहिला. नामांकनामुळे पैसा मिळतो असं आपण सहज म्हणतो, पण नामांकनाने मिळते ती उत्सुकता. त्या दिवशी सिनेमा पडद्यावर असला तरच तिचं तिकीट होतं.

म्हणूनच २००४ मध्ये अकॅडमीने समारंभ मार्चअखेरीहून फेब्रुवारीअखेरीस आणला, तेव्हा ज्यांनी भराभरा हिशोब केले असतील ते वितरक आणि चित्रगृहवाले. नामांकन आणि निकाल यांच्यामधले आठवडे हे त्यांचे सुगीचे दिवस. लिफाफा उघडेपर्यंत यादीतले सगळे सिनेमे कमावत असतात. तो उघडला की एकच कमावतो, बाकीच्यांचं कुतूहल त्या रात्रीपुरतं संपतं.

अशा बाकीच्यांपैकी एकाची गोष्ट मात्र निराळी आहे. 'द शॉशँक रिडेम्प्शन' बनवायला अडीच कोटी डॉलर लागले आणि १९९४ च्या शरद ऋतूत पहिल्या फेरीत मिळाले फक्त १ कोटी ६० लाख. सिनेमा उतरला. मग सात नामांकनं आली, फेब्रुवारी-मार्च १९९५ मध्ये तो पुन्हा लावला, आणि गाडी जेमतेम २ कोटी ८३ लाखांपर्यंत सरकली. ऑस्कर एकही नाही. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण वॉर्नरच्या व्हिडिओ विभागाने या पडलेल्या सिनेमाच्या ३ लाख २० हजार कॅसेट भाड्याच्या दुकानांत पाठवल्या, त्या सात नामांकनांच्या भरवशावर. १९९५ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक भाड्याने नेलेला व्हिडिओ तोच ठरला. पुढे टीव्हीवर तो इतक्या वेळा लागला की तिकीटबारीवर पडला होता, हे आज सांगावं लागतं. चित्रगृहाच्या हिशोबवहीत जे नामांकन वाया गेलं होतं, ते दिवाणखान्यात फळलं.

परभाषेतल्या सिनेमांचं गणित आणखी गुंतागुंतीचं. मार्च २००२ मध्ये परभाषिक सिनेमाच्या ऑस्करसाठी आशुतोष गोवारीकरांचा 'लगान' होता, बोस्नियाचा 'नो मॅन्स लँड' होता आणि फ्रान्सचा 'अमेली' होता. जिंकला 'नो मॅन्स लँड'. अमेरिकेत त्याची कमाई सुमारे दहा लाख डॉलर. 'लगान'ला सोनी पिक्चर्स क्लासिक्सने तिथे पुन्हा लावलं ते समारंभ उलटून गेल्यावर, मे महिन्यात. त्याचाही आकडा दहा लाखांच्या पुढे फारसा सरकला नाही. आणि हरलेला 'अमेली'? ३ कोटी ३० लाख! तो नोव्हेंबरपासून चित्रगृहांत होता, तोंडातोंडी पसरला होता, आणि नामांकनं आली तेव्हा त्याच्यापाशी पडदे तयार होते. जिंकणारा आणि हरणारा यांच्यातलं अंतर अकॅडमीच्या मतांनी ठरलं, पण गल्ल्यातलं अंतर पडद्यांनी.

आणि त्या यादीत पोचण्याचीही किंमत असते. हे मराठी माणसाला 'श्वास'ने दाखवलं. संदीप सावंत यांच्या या सिनेमाला सुवर्णकमळ मिळालं आणि २००४ मध्ये तो भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला. अकॅडमीच्या सदस्यांसाठी तिथे खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, माणसं पाठवायची, तर पैसा हवा. छोट्या निर्मात्यांकडे तो कुठून असणार? लोकांनी वर्गणी काढली, शाळकरी मुलांनीसुद्धा खारीचा वाटा उचलला. नामांकन मिळालं नाही. तरी एका सिनेमासाठी अख्ख्या समाजाने असा हातभार लावावा, ही गोष्ट मला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी वाटते.

'पॅरासाइट'ने तर सगळे ठोकताळे मोडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत तीन चित्रगृहांत लागलेला कोरियन सिनेमा. फेब्रुवारीत समारंभाच्या दिवसापर्यंत साडेतीन कोटी डॉलर मिळाले होते आणि तो घरबसल्या बघण्यासाठी इंटरनेटवर उपलब्धही झाला होता. 'द हर्ट लॉकर'च्या न्यायाने इथे तिकीटबारी थंड पडायला हवी. पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला परभाषिक सिनेमा ठरला, पडदे जवळजवळ दुप्पट होऊन दोन हजारांवर गेले, आणि पुढच्या शनिवार-रविवारी कमाई आदल्या आठवड्याच्या तिपटीहून जास्त झाली. एकूण ५ कोटी ३० लाखांच्या पुढे. उपशीर्षकं वाचायला कंटाळणारा म्हणून ज्या प्रेक्षकाची ख्याती, तो घरचा सोफा सोडून गेला. इतिहास घडलेला सिनेमा माणसांच्या गर्दीत बसूनच बघावासा वाटतो, याखेरीज मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

महिन्याभरात महासाथीने चित्रगृहं बंद केली. पुढच्या वर्षीच्या विजेत्या 'नोमॅडलँड'ची उत्तर अमेरिकेतली कमाई चाळीस लाख डॉलरांच्या आत राहिली. समारंभ टीव्हीवर बघणारे जेमतेम एक कोटी उरले. २०२२ मध्ये जिंकलेला 'कोडा' अ‍ॅपलने अडीच कोटी डॉलरांना विकत घेतलेला होता, आणि तो बहुतेकांनी घरीच पाहिला. त्याआधी नेटफ्लिक्सच्या 'रोमा'ला दहा नामांकनं होती, पण कंपनीने चित्रगृहांतल्या कमाईचे आकडे जाहीरच केले नाहीत.

अकॅडमीला हे खटकलं असावं. २०२४ च्या सिनेमांपासून तिने अट वाढवली. आधी एका शहरातले सात दिवस पुरत. आता सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी अमेरिकेतल्या पन्नास मोठ्या बाजारपेठांपैकी दहांत आणखी सात दिवस सिनेमा लागायला हवा. या नियमाखाली पहिला मान मिळाला 'अनोरा'ला. साठ लाख डॉलरांत बनलेला, सहा चित्रगृहांतून निघालेला आणि उत्तर अमेरिकेत दोन कोटींपर्यंत पोचलेला सिनेमा. मार्च २०२५ मध्ये दिग्दर्शनाचं ऑस्कर हातात घेऊन शॉन बेकर चित्रगृहांबद्दलच बोलले. महासाथीत अमेरिकेतले हजारेक पडदे गेले, आणखी जाताहेत, असं त्यांनी सांगितलं. दिग्दर्शकांनी मोठ्या पडद्यासाठी सिनेमे करावेत आणि वितरकांनी ते आधी चित्रगृहांत लावावेत, अशी गळ घालूनच ते खाली उतरले.