मनगट मुरगळले की मोडले?

तोल गेलेला माणूस नकळत हात पुढे टेकतो आणि मागे वाकलेल्या पंजावर साऱ्या देहाचा भार येतो. अशा वेळी नेमके काय मोडेल हे बरेचसे वयावर ठरते: लहान मुलांत बहुधा कोपरापासून मनगटापर्यंत येणाऱ्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे टोक दबते, तर हाडे ठिसूळ झालेल्या उतारवयातील स्त्रियांत तेच टोक मोडून मागे सरकते व हात बाजूने पाहता जेवणाच्या काट्यासारखा दिसतो. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलीज यांनी या अस्थिभंगाचे वर्णन १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षे आधी केले.

खरी फसगत होते ती तरुणांत. मनगटातील आठ लहान हाडांपैकी नावेच्या आकाराचे एक हाड, ज्याला वैद्यकात स्कॅफॉइड म्हणतात, मोडले तरी हात सहसा वाकडा दिसत नाही, सूज बेताचीच असते आणि रुग्ण ‘मुरगळले असेल’ म्हणून लेप लावून किंवा, त्याहून वाईट म्हणजे, चोळून घेऊन दिवस काढतो. अंगठा ताणून वर उचलला असता त्याच्या मुळाशी दोन कंडरांमध्ये, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांमध्ये, जो खळगा दिसतो त्यात पूर्वी तपकिरीची चिमूट ठेवून ओढत असत. याच खळग्याच्या तळाशी ते हाड असल्याने तेथे बोट दाबताच कळ येणे ही महत्त्वाची खूण ठरते. तळहाताकडून याच हाडाच्या उंचवट्यावर दाबले असता किंवा अंगठा मनगटाच्या दिशेने रेटला असता दुखले, तर संशय बळावतो.

एक्स-रे निर्दोष आला म्हणून हा संशय सोडता येत नाही, कारण ताजी भेग पहिल्या चित्रात पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून हात प्लॅस्टरमध्ये किंवा आधारपट्टीत स्थिर ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र घेतात. एमआरआय उपलब्ध असल्यास मात्र निदान लगेच होते. या सावधगिरीचे कारण रक्तपुरवठ्यात आहे: या हाडात बहुतेक रक्तवाहिन्या बोटांकडील भागातून शिरून मागे वळतात, त्यामुळे मधोमध भंग झाल्यास कोपराकडील तुकडा रक्ताविना मृत होण्याची, हाड न जुळण्याची आणि काही वर्षांनी सांधा झिजण्याची भीती राहते.

हाडे शाबूत असूनही त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध तुटलेले असू शकतात, आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर झाले असेल तर मनगटातील हाड सरकून मज्जातंतूवर दाब आला असण्याची शक्यता असल्याने तेथे दोन आठवडे थांबणे परवडत नाही.