शाळा आणि शहर (७) : किल्ली कोणाच्या कनवटीला?

आज पॅरिसच्या मुलांबद्दल लिहायचं ठरलं होतं. शाळेची डांबरी अंगणं उकरण्याआधी त्यांच्या आराखड्यांत मुलांनाच कसं सामील करून घेतलं, ती गोष्ट. ती राहू दे. गेल्या भागावर एका अनुदानित शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचं पत्र आलंय, आणि ते बाजूला सारून पुढे जाणं मला जमेना.

बाई लिहितात : ‘झाडं, लाकडाचा चुरा, शनिवारी शेजारपाजाऱ्यांना खुलं अंगण, सगळं वाचायला गोड वाटलं. आमच्या संस्थेनंही नगरसेवकांच्या आग्रहाखातर रविवारी मैदान खुलं केलं होतं. सोमवारी पहिल्या तासाला पाचवीची मुलं काचा वेचत होती. कुणाच्या तरी मांडवाचे खड्डे महिनाभर तसेच होते. त्यातल्याच एका खड्ड्यात बाहेरच्या एका मुलाचा पाय मुरगळला, तेव्हा त्याचे वडील माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. नगरसेवकांचा फोन लागत नव्हता. तुमच्या पॅरिसात किल्ली कोणाकडे असते हो?’

या प्रश्नाचं मला जुनं वेड आहे. शहर आणि शाळा यांच्यातला कुठलाही करार हाती पडला की त्याची पहिली दोन पानं मी सरळ उलटून टाकतो. तिथे सहकार्य, सर्वांगीण विकास वगैरे असतंच. फाटक कोण उघडणार, झाडू कोण मारणार आणि खिडकी फुटली तर पैसे कोणी भरायचे, ही तीन वाक्यं जिथे असतील तिथून मी वाचायला लागतो. बऱ्याच करारांत ती नसतातच.

फ्रान्समध्ये ती कायद्यातच आहेत. तिथे शाळेची वाटणी अशी : शिकवणारा माणूस केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचा, इमारत मात्र स्थानिक संस्थेची. प्राथमिक शाळा नगरपालिकेच्या, त्यापुढची चार वर्षं ‘कोलेज’ची, ती जिल्ह्याची, आणि ‘लिसे’ प्रांताची. त्यामुळे पॅरिसच्या प्राथमिक शाळेत फळ्यासमोर उभा असलेला शिक्षक एका धन्याचा आणि दारातला रखवालदार दुसऱ्या धन्याचा. या रखवालदाराला तिथे गार्दियां म्हणतात. परंपरेनं त्याचं बिऱ्हाड शाळेतच, दाराला लागून असलेल्या खोल्यांत. पगार पालिकेचा. पॅरिसच्या तेव्हाच्या महापौर आन इदाल्गो यांनी २०२१ च्या जानेवारीपासून शनिवारी काही शाळांची अंगणं शेजाऱ्यांसाठी उघडली. त्यासाठी मुख्याध्यापकांना आपला शनिवार घालवावा लागला नाही. फाटक पालिकेचं, माणूसही पालिकेचा.

पण नुसता माणूस असून भागत नाही, त्याच्यामागे कागद लागतो. तो कागद १९८३ च्या जुलैतल्या कायद्यात आहे. सत्तेच्या विकेंद्रीकरणाचे जे मोठे कायदे तिथे १९८२-८३ मध्ये झाले, त्यांच्या माळेतला हा एक. शिकवण्याची वेळ सोडून इतर वेळी शाळेची जागा सांस्कृतिक, क्रीडाविषयक किंवा सामाजिक कामासाठी वापरायचा अधिकार त्यानं महापौराला दिला. मात्र स्वतःच्या जबाबदारीवर, आणि शाळेच्या परिषदेचं मत घेऊन. या परिषदेत शिक्षक असतात, पालकांचे प्रतिनिधी असतात, पालिकेचाही माणूस असतो. मत घ्यायचं आहे, परवानगी नव्हे. हा फरक तिथल्या मुख्याध्यापकांना चांगलाच ठाऊक आहे आणि काहींना तो आवडतही नाही. कार्यक्रम तिसरंच कुणी करणार असेल, समजा एखादं मंडळ, तर पालिका, शाळा आणि ते मंडळ असा तिघांत करार करता येतो. सुरक्षेचे नियम कोणी पाळायचे आणि नुकसान झालं तर कोणी भरून द्यायचं, हे त्यात लिहायचं.

आणि आता बाईंसाठी सर्वांत महत्त्वाचं कलम : असा करार केलेला नसेल, तर नुकसानीची जबाबदारी सर्व बाबतींत पालिकेची.

मला हे कलम फार आवडतं. आळस करणाऱ्याच्याच गळ्यात ते घोंगडं टाकतं. कागद न करता मैदान उघडलंत? ठीक आहे, मग भरा तुम्हीच. साहजिकच कागद करण्याची घाई पालिकेला होते. मुख्याध्यापकाला मागे लागावं लागत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं असतं : कागद नसला की त्याची किंमत, जो जागेवर सापडतो तो मोजतो. जागेवर बहुतेक वेळा मुख्याध्यापिकाच सापडते.

तरीही गंमत पाहा. कायदा १९८३ चा. सुमारे पंधरा हजार माणसांचा बळी घेणारी उष्णतेची लाट २००३ ची. अंगणं थंड करण्याच्या ‘ओआझिस’ योजनेची घोषणा २०१७ ची, पहिली अंगणं बदलली ती २०१८ मध्ये. म्हणजे फाटक उघडायचा अधिकार महापौरांच्या खिशात होता, तरी ते शेजाऱ्यांसाठी असं उघडायला अडतीस वर्षं गेली. मध्यंतरी २०१५ मध्ये दहशतवादी हल्ले झाले आणि शाळांची दारं उलट जास्तच घट्ट बंद झाली. ‘व्हिजिपिरात’ या सुरक्षा आराखड्याखाली शाळेच्या दारासमोर घोळका करण्यालाही हरकत घेतली जाऊ लागली. अशा वातावरणात शनिवारी कुणालाही आत येऊ द्यायचं, ही साधी गोष्ट नव्हती. म्हणून तिथे कुलूप काढून मोकळं होत नाहीत. स्थानिक संस्थांची माणसं आत असतात, खेळ घेतात, येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवतात. खुलं अंगण म्हणजे बिनमाणसाचं अंगण नव्हे.

इथे न्यूयॉर्कला वळसा घातल्याशिवाय मला राहवत नाही. रॉबर्ट मोझेस हे नाव घेतलं की नगररचनेचं वाचन करणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढतात, आणि ते बरोबरच आहे. द्रुतगती मार्गांसाठी या गृहस्थानं ब्रॉंक्समधल्या वस्त्याच्या वस्त्या उठवल्या. पण १९३८ मध्ये उद्यान खात्याचा प्रमुख असताना त्यानं शिक्षण मंडळाशी केलेला करार मात्र पाठ करून ठेवावा असा आहे. शाळेला लागून खेळाचं मैदान करायचं. शाळेच्या वेळेत ते शाळेचं, बाकी वेळ सगळ्यांचं. देखभाल उद्यान खात्याची. अशी संयुक्त मैदानं त्या शहरात आजही अडीचशेच्या वर आहेत. झोपाळ्याची साखळी तुटली तर मुख्याध्यापकाला कुणी विचारत नाही.

त्याच शहरात शाळांची स्वतःची अंगणं मात्र संध्याकाळी कुलूपबंद असायची. कारण तिथली किल्ली शाळेच्या ‘कस्टोडियन’कडे. हा प्राणी विलक्षण होता. कितीतरी दशकं त्याला मंडळाकडून इमारतीसाठी ठोक रक्कम मिळायची आणि त्यातून तो आपली माणसं स्वतः नेमायचा. मुख्याध्यापकाचा त्याच्यावर फारसा अधिकार चालत नसे. शाळा सुटल्यावर इमारत उघडी ठेवायची तर वेगळं शुल्क. ज्यांच्या करातून शाळा उभी राहिली, त्याच मोहल्ल्यातल्या मंडळांनी सभेला एक खोली मिळावी म्हणून त्याला पैसे मोजायचे. शेवटी २००७ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी शाळांची २९० अंगणं निवडली आणि ती सुट्टीत व संध्याकाळी खुली करायची योजना आणली. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बांधकाम, झाडं, नवी खेळणी लागणार होती. पण काही अंगणं अशी होती की तिथे फक्त फाटक उघडायचं होतं. मोझेसच्या करारानंतर एकोणसत्तर वर्षांनी!

आता घरी येऊ. मुंबई महापालिकेच्या शाळेची इमारत ज्यांनी पाहिलीय त्यांना किल्लीचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे हे सांगायला नको. एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा माध्यमांच्या निरनिराळ्या शाळा, म्हणजे तितकेच मुख्याध्यापक. दोन सत्रं असली तर वेळाही दोन. शिकवणं शिक्षण खात्याकडे. गळकं छप्पर आणि मोडकं फाटक शाळा पायाभूत सुविधा कक्षाकडे. दारातली रखवाली बहुधा कंत्राटदाराच्या माणसाकडे. मालक एकच असूनही मैदानाच्या किल्लीसाठी तीन टेबलं फिरावी लागतात.

बाईंची शाळा तर संस्थेची. तिथे मैदान संस्थेचं, पगार शासनाचा, आणि शिपाईमामा? अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदं रिकामी होतील तशी ती रद्द करायची आणि त्यांच्या जागी ठोक ‘शिपाई भत्ता’ द्यायचा, असा शासन निर्णय ११ डिसेंबर २०२० ला निघाला. त्यावर शिक्षकेतर संघटनांनी गदारोळ केला तो नोकऱ्यांसाठी, आणि तो रास्तच होता. माझं दुखणं वेगळं आहे. सकाळी साडेसहाला फाटक उघडणारा, मैदानावरून एक फेरी मारून काच-दगड उचलणारा, गल्लीतल्या पोरांना नावानिशी ओळखणारा माणूसच आपण ताळेबंदातून वजा केला. आणि त्याच वेळी शाळांनी समाजासाठी दारं उघडावीत, अशी भाषणं करतो.

कायदाही इथे अर्ध्यावर थांबतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं आहे. शाळा सुटल्यावर त्याचं काय, याबद्दल ते काही बोलत नाही. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं नगरपालिकांच्या विषयांत आहेत. एकच जमीन सकाळी एका फायलीत आणि संध्याकाळी दुसऱ्या.

इच्छा नाही म्हणून फाटक बंद असतं, असं मात्र मी मानत नाही. मतदानाच्या दिवशी तीच शाळा उघडते. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी शाळांत पूरग्रस्तांचे संसार मांडलेले होते. तेव्हा कुणी किल्लीचा घोळ घातला नाही, कारण आदेश कोणाचा आणि जबाबदार कोण हे ठरलेलं होतं.

पत्राच्या शेवटी बाई वैतागून म्हणतात, ‘त्यापेक्षा सगळ्या शाळाच महापालिकेच्या ताब्यात द्या ना.’ हा वाद फार जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांकडून त्यांच्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च वसूल करा, पण व्यवस्था संपूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नका, ती शिक्षण खात्याच्या देखरेखीखाली ठेवा, असं सांगितलं. हे सांगणारा माणूस तेव्हा स्वतः पुणे नगरपालिकेचा सभासद होता, १८७६ पासून. पालिकेच्या बैठकांत बसून आलेलं शहाणपण आहे ते. पैसा पालिकेचा आणि शाळा शिक्षण खात्याच्या नजरेखाली, ही फुल्यांची वाटणी आणि आजची फ्रेंच वाटणी एकमेकींपासून फार लांब नाहीत.

तेव्हा बाई, पुन्हा नगरसेवक आले तर मैदानाला ‘हो’ म्हणण्याआधी त्यांच्याकडे माणूस मागा. रविवारपुरता, पालिकेच्या पगारावरचा. सोमवारी शाळा भरण्याआधी मैदान झाडून, तपासून त्यानं वहीत सही करायची. मांडव घालायचा तर खड्डे बुजवण्याची अनामत आधी. आणि नुकसानीचं ते फ्रेंच कलम मराठीत लिहून ठरावाला जोडा, प्रभाग कार्यालयाचा शिक्का घ्या. संस्थाचालक कुरकुरतील. त्यांना हा लेख दाखवायला हरकत नाही.

पत्राच्या मागच्या बाजूला बाईंनी आणखी एक ओळ लिहिली आहे : ‘आणि संडासांचं काय?’ मैदान चार तास खुलं ठेवायचं तर येणाऱ्या बायका-मुलांनी जायचं कुठे, पाण्याचा नळ कुठला, त्याचं बिल कोणाचं, हा किल्लीहून अवघड विषय आहे. त्याला पुढचा सबंध भाग लागेल. पॅरिसच्या मुलांना आणखी एक आठवडा थांबावं लागणार.