इन्सुलिनची मात्रा आणि तिची साधने

इन्सुलिन गोळीच्या रूपात का मिळत नाही, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. उत्तर सोपे आहे. इन्सुलिन हे प्रथिन आहे. डाळीतील वा दुधातील प्रथिन जसे पोटात पचून जाते, तसेच गिळलेले इन्सुलिनही पचून जाते. रक्तापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ते त्वचेखाली टोचावे लागते.

दुसरी अडचण याहून बिकट आहे. निरोगी माणसाचे स्वादुपिंड दिवसरात्र थोडथोडे इन्सुलिन रक्तात सोडीत असते आणि जेवण होताच त्याचे प्रमाण वाढविते. बाहेरून टोचलेल्या औषधाला अशी जाण नसते. ही जाण त्याला कशी द्यावयाची, हाच साधनांच्या शंभर वर्षांच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

कॅनडातील टोरांटो विद्यापीठात १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तो टोचण्यात आला. अर्क अशुद्ध असल्यामुळे फारसा गुण आला नाही. कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीस पुन्हा उपचार सुरू झाले आणि रक्तातील साखर उतरली. तोपर्यंत अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून मृत्यू थोडा लांबविणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते.

त्या काळची साधने म्हणजे काचेची सिरिंज आणि पोलादी सुई. दोन्ही उकळून घ्यावयाची. सुई बोथट झाली की दगडावर घासून धार लावावयाची. असे दिवसातून अनेकदा करणे भाग होते. १९३६ साली डेन्मार्कमध्ये हॅगेडॉर्न यांनी इन्सुलिनमध्ये प्रोटामिन मिसळून ते शरीरात सावकाश शोषले जाईल, अशी योजना केली. सुया कमी झाल्या, पण जाच संपला नाही. एकदा टोचलेले औषध परत घेता येत नाही. जेवणाची वेळ टळली, तर साखर फार खाली जाऊन रुग्ण बेशुद्ध पडण्याची भीती असे. औषधाने रुग्णाच्या जेवणाशी जुळवून घ्यावयाचे, तर रुग्णालाच औषधाच्या वेळापत्रकाप्रमाणे जेवावे लागे.

पुढे काचेची जागा एकदा वापरून टाकून देण्याच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजने घेतली. १९८५ साली डेन्मार्कमधील नोव्हो कंपनीने खिशात मावणारे पेन आणले. आजच्या अशा पेनात टोकाची कळ फिरवून मात्रा ठरवावयाची आणि ते बारीक सुईने टोचावयाचे. दरम्यान, थोडथोडे इन्सुलिन सतत सोडणाऱ्या पंपाचाही जन्म झाला होता. १९६०च्या दशकात अमेरिकेत कादिश यांनी बनविलेला पंप पाठीवर वागवावा लागे. आजचा पंप कमरपट्ट्याला अडकविता येतो.

तरीही पंपाला साखर ‘दिसत’ नव्हती. ती दृष्टी त्वचेखाली बसविलेल्या संवेदकाने दिली. तो दर काही मिनिटांनी साखरेचा अंदाज कळवितो. संवेदक व पंप यांची सांगड घालून इन्सुलिनचे प्रमाण आपोआप कमीजास्त करणाऱ्या यंत्रास अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. मात्र अशा बहुतेक यंत्रांना आपण काय व किती खाणार, हे अजूनही रुग्णालाच सांगावे लागते.

ही यंत्रे महाग आहेत. भारतात असंख्य घरांतून आजही बाटली आणि सिरिंज यांवरच भिस्त आहे, आणि ती योग्य रीतीने वापरल्यास प्राण राखण्यास समर्थ आहेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. आपल्याकडील बाटल्यांत बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट असतात. पेनातील इन्सुलिनमध्ये सामान्यतः १०० असतात. ४०च्या सिरिंजमध्ये १००चे इन्सुलिन वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात वीसऐवजी पन्नास युनिट जातात, म्हणजे मात्रा अडीचपट होते. उलट चूक झाली, तर औषध अपुरे पडते. म्हणून सुई टोचण्यापूर्वी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे रोज पाहावे. यंत्र कितीही सुधारले, तरी योग्य मात्रा हेच त्याचे साध्य आहे. आणि साध्या सिरिंजच्या बाबतीत ती राखणे आपल्याच हाती आहे.