रीलवर ऐंशीच्या दशकातला डिस्को जोरात वाजतोय, पण तो आवाज कुणाचा हे आपल्याला का माहीत नसतं?

नाशिकमधला कुठलाही हळदीचा कार्यक्रम घ्या, कॉलेजचं गॅदरिंग घ्या, नाहीतर गणपतीची मिरवणूक. डीजेने 'जिम्मी जिम्मी' लावलं की खुर्चीवर बसलेले काकाही उठतात आणि आठवीतला पुतण्याही. स्टेप दोघांना येते, शब्द दोघांना पाठ असतात.

आता त्याच घोळक्यात विचारून बघा, हे गाणं कुणाचं? पहिलं उत्तर येईल, मिथुनचं. थोडं जुनं खोड असेल तर बप्पी लाहिरींचं. पण त्या गाण्यात सुरुवातीपासून जो आवाज ऐकू येतो तो बाईचा आहे. ती बाई कोण? इथे सगळे गप्प.

त्यांचं नाव पार्वती खान. मूळच्या त्रिनिदादच्या. गाणं चाळीस वर्षांहून जास्त टिकलं, पण नाव मागे पडलं. असं का झालं, तेच समजून घेऊया.

अमेरिकेत डिस्को संपला आणि आपल्याकडे सुरू झाला

१२ जुलै १९७९. शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन मॅचच्या मधल्या वेळात एका रेडिओ जॉकीने डिस्कोच्या तबकड्यांनी भरलेली पेटी स्फोटाने उडवून दिली. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरी मॅच रद्द करावी लागली. अमेरिकेत डिस्कोची लाट ओसरली ती साधारण तेव्हापासून.

आणि आपल्याकडे? १९८० च्या जूनमध्ये फिरोज खान यांचा 'कुर्बानी' आला आणि 'आप जैसा कोई' देशभर वाजायला लागलं. तिकडे ज्याची होळी झाली, त्याची इकडे दिवाळी सुरू झाली होती.

पण आपल्याकडे डिस्को आला तो वेगळ्या दाराने.

'सिंगल' म्हणजे काय आणि ते आपल्याकडे का रुजलं नाही?

सिंगल म्हणजे एका गाण्यासाठी काढलेली तबकडी. पाश्चात्त्य क्लबमध्ये सत्तरच्या दशकात बारा इंची सिंगलचं पेव फुटलं. त्याचं कारण साधं होतं. मोठ्या तबकडीवर एकच गाणं कोरलं की रेघांना ऐसपैस जागा मिळते, त्यामुळे आवाज मोठा आणि बास खोल येतो. शिवाय तीन मिनिटांचं गाणं आठ-दहा मिनिटांपर्यंत ताणता येतं. नाचणाऱ्यांना थांबावं लागत नाही आणि डीजेला पुढची तबकडी लावायला वेळ मिळतो.

या तबकडीवर ठळक काय छापलेलं असायचं? गाण्याचं आणि कलाकाराचं नाव. विकत घेणारा कलाकाराच्या नावाने मागायचा.

आपल्याकडे गाणं जन्मायचं ते सिनेमाच्या पोटी. तबकडी निघायची सिनेमाच्या नावाने, कव्हरवर फोटो हिरो-हिरोइनचा आणि आत त्याच सिनेमाची तीन-चार गाणी. डिस्कोथेक होते, पण मोठ्या शहरांत आणि बहुतेक महागड्या हॉटेलांत. मुंबईपासून साधारण १७० किलोमीटरवरच्या नाशिकसारख्या शहरात डिस्को पोचला तो सिनेमाच्या पडद्यावरून, कॅसेटवरून, लग्नाच्या बँडमधून आणि ऑर्केस्ट्रातून. म्हणजे क्लबचं संगीत इथे क्लबशिवायच आलं. त्याला चेहरा होता तो पडद्यावरच्या नटाचा.

पंधरा वर्षांची मुलगी आणि बंगळूरचा संगीतकार

'कुर्बानी'ची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची. 'आप जैसा कोई' मात्र बिद्दू यांचं. बिद्दू मूळचे बंगळूरचे, पण लंडनमध्ये स्थायिक झालेले. १९७४ मध्ये जगभर गाजलेल्या 'कुंग फू फायटिंग'चे निर्माते तेच. थोडक्यात, पाश्चात्त्य डिस्को ज्यांनी घडवला त्यांच्यातलाच एक माणूस हिंदी सिनेमाने बोलावला होता.

गायिका होती नाझिया हसन. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये वाढलेली आणि तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. या एका गाण्याने तिला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट गायिकेचा पुरस्कार मिळवून दिला. पुढे १९८१ मध्ये बिद्दू, नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचा 'डिस्को दीवाने' हा अल्बम आला. त्यात सिनेमा नव्हता, हिरो नव्हता. तरीही तो तुफान चालला.

नाझियाचं नाव आजही घेतलं जातं, त्यात या अल्बमचा वाटा मोठा आहे. कव्हरवर ती स्वतः होती, कुणा हिरोइनचा फोटो नव्हता. २००० साली, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी कॅन्सरने तिचं निधन झालं.

'जिम्मी' मात्र मिथुनच्या खात्यात

१९८२ मध्ये बी. सुभाष यांचा 'डिस्को डान्सर' आला. कथेत गिटारच्या विजेच्या धक्क्याने जिम्मीची आई जाते. तो इतका हादरतो की स्टेजवर त्याला गाता येईना. त्याला पुन्हा उभं करण्यासाठी नायिका गाते, ते गाणं म्हणजे 'जिम्मी जिम्मी'. पडद्यावर किम, आवाज पार्वती खान यांचा. 'आय ॲम अ डिस्को डान्सर' गायलं विजय बेनेडिक्ट यांनी. 'ऑवा ऑवा'मध्ये उषा उथुप आणि बप्पीदा आहेत.

सिनेमा सोव्हिएत संघात प्रचंड चालला आणि मिथुन तिथल्या घराघरांत पोचले. २००७ मध्ये ब्रिटिश गायिका एम.आय.ए. हिने 'जिम्मी' नव्याने गायलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर चीनमध्ये कोविड लॉकडाऊनला वैतागलेले लोक याच गाण्यावर रिकामी भांडी दाखवत व्हिडिओ करत होते. कारण चिनी भाषेत 'जिए मी' म्हणजे 'तांदूळ उसने दे'.

गाणं इतक्या देशांत फिरलं, पण बातम्यांमध्ये नाव आलं ते बहुतेक वेळा मिथुन आणि बप्पीदांचंच. आवाजाचं नाव शोधून काढावं लागतं.

आणि ज्याचा फोटोच नव्हता तो?

गायकांची ही गत, तर वादकांची काय असेल? त्यासाठी मुंबईच्या चरणजीत सिंग यांची गोष्ट बघा.

हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये ते वर्षानुवर्षं वाजवत होते. १९८२ मध्ये त्यांनी एक वेगळाच प्रयोग केला. रोलँड कंपनीची नवी यंत्रं हाताशी घेतली: एक सिंथेसायझर, एक ताल देणारं आणि एक बास वाजवणारं. त्यावर ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' या नावाने एचएमव्हीने तबकडी काढली. ती फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली.

पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या 'फ्यूचर' या ग्रुपने रोलँडचं तेच बासचं यंत्र वापरून 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं. त्यातून 'ॲसिड हाऊस' नावाचा क्लब संगीताचा अख्खा प्रवाह सुरू झाला. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने चरणजीत यांची तबकडी पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा जगभरचे डीजे चकित झाले. हा आवाज मुंबईत पाच वर्षं आधीच निघाला होता! शिकागोच्या मुलांनी तो ऐकला होता असं नाही. दोन शहरांत दोघांनी एकच वाट स्वतंत्रपणे शोधली होती.

सत्तरी ओलांडलेले चरणजीत त्यानंतर युरोपात जाऊन तीच यंत्रं वाजवून आले. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं. उशिरा का होईना, त्यांना आपलं नाव ऐकायला मिळालं. सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही.

मराठीत डिस्को होता का?

होता की! १९८७ चा 'गंमत जंमत' आठवा. 'अश्विनी ये ना' हे गाणं अशोक सराफ आणि चारुशीला साबळे यांच्यावर चित्रित झालं. गायलं किशोर कुमार आणि अनुराधा पौडवाल यांनी. किशोरदांचं मराठी गाणं म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्याला डिस्कोची चाल लावणारे संगीतकार अरुण पौडवाल आणि शब्द देणारे शांताराम नांदगावकर? इथेही नाव आठवतं ते सगळ्यात मोठ्या माणसाचंच.

नावाने नेमका फरक काय पडतो?

पडतो, आणि त्यासाठी लोक कोर्टातही गेलेत. १९८१ च्या 'ज्योती' सिनेमात बप्पी लाहिरींच्या चालीवर लता मंगेशकरांनी 'थोडा रेशम लगता है' गायलं. २००२ मध्ये अमेरिकन गायिका ट्रुथ हर्ट्स हिच्या 'ॲडिक्टिव्ह' या हिट गाण्यात तोच तुकडा वाजला, पण श्रेय न देता. प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं. २००३ मध्ये कोर्टाने आदेश दिला की लाहिरींचं नाव दिल्याशिवाय सीडी विकता येणार नाही.

याउलट उदाहरणही आहे. कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडने १९९७ मध्ये पार्श्वगायिकांवरच गाणं केलं आणि शीर्षकात आशा भोसलेंचं नाव घातलं, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. १९९८ मध्ये त्याचं रिमिक्स ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पडद्यावरच्या नटीचं नाही, मागच्या आवाजाचं नाव!

पैशांचा मुद्दाही आहेच. त्या काळात बहुतेक गायक-वादकांना रेकॉर्डिंगचे एकदाच पैसे मिळत. गाणं नंतर कितीही वाजलं तरी हक्क निर्मात्याकडे नाहीतर म्युझिक कंपनीकडे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल झाला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला आणि गायकांनाही रॉयल्टीचा हक्क मिळाला. जुन्या गाण्यांना हे कितपत लागू होतं, यावर मात्र वाद होत राहिले. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे १९८० चं गाणं २०४० संपेपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या मालकीचं आहे. 'जुनं आहे, म्हणजे फुकट आहे' हा समज चुकीचा आहे.

रील करताना तुम्ही काय करू शकता?

ऑडिओवर टॅप करा. तिथे 'ओरिजिनल ऑडिओ' आणि कुणा अनोळखी अकाउंटचं नाव दिसलं, तर ते फक्त अपलोड करणाऱ्याचं असतं. शक्यतो म्युझिक कंपनीने टाकलेलं अधिकृत गाणं निवडा. कॅप्शनमध्ये सिनेमाचं नाव आणि साल लिहिताच, त्यासोबत गायक, संगीतकार आणि गीतकारही लिहा. घरात त्या काळातली कॅसेट किंवा तबकडी असेल तर भंगारात घालण्याआधी कव्हरची मागची बाजू वाचा. अनेकदा नावं तिथेच छापलेली असतात, आपण पुढचा फोटो बघून थांबलेलो असतो.

आणि पुढच्या हळदीत 'जिम्मी' लागलं की नाचा बिनधास्त. फक्त शेजारच्या पुतण्याने 'मिथुनचं गाणं' म्हटलं, तर त्याला सांगा, नाच मिथुनचा, आवाज पार्वती खान यांचा.