डबक चाळीतली खोली, एका खोक्यात

बाहुलीघर म्हटले की आपल्या लेकरांना दुकानाच्या काचेमागचे गुलाबी प्लॅस्टिकचे घर आठवते. दोन मजले, उतरते छप्पर, आत पलंग आणि सोफा. किंमत विचारली की आईबाप पोराचा हात धरून पुढे चालू लागतात. पण ते घर महाग आहे एवढीच आमची तक्रार नाही. ते घर कुणाचे, हा आमचा प्रश्न आहे. त्यात चूल नाही, मोरी नाही, पाण्याचा हंडा नाही. आपली आजी ज्या घरात राहिली त्या घरातली एकही वस्तू त्यात सापडत नाही.

म्हणून आम्ही वस्तीतल्या बायका, पोरेसोरे आणि दोन-चार निवृत्त मंडळी यांनी मिळून भीमजयंतीच्या प्रदर्शनासाठी एक खोली केली. खोली म्हणजे खोकेच. दहा इंच रुंद, बारा इंच लांब, नऊ इंच उंच, पुढची बाजू उघडी. परळच्या डबक चाळीतली ही खोली. सुभेदार रामजी सकपाळ सातारा सोडून मुंबईला आले तेव्हा कुटुंबासह इथे राहिले, आणि इथेच राहून भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून 1907 साली मॅट्रिक झाले.

राण्यांची बाहुलीघरे

घरे लहान करून ठेवण्याचा हा छंद मुळात पोरांचा नाही, श्रीमंतांचा आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या बाईचे तीनशे वर्षांपूर्वीचे बाहुलीघर आहे. एका कपाटात मावणाऱ्या त्या घराला शहरातल्या खऱ्या घराएवढा पैसा लागला असे सांगतात. पण सगळ्यांत प्रसिद्ध बाहुलीघर इंग्लंडच्या राणी मेरीचे. तिचा नवरा पाचवा जॉर्ज. 1911 साली हे दोघे मुंबईला उतरले, त्याची आठवण म्हणून आपला गेटवे ऑफ इंडिया बांधला गेला. राणीच्या बाहुलीघराचा आराखडा एडविन लुट्येन्स यांनी केला. नवी दिल्ली उभारणारे तेच हे लुट्येन्स. 1921 ते 1924 या काळात पंधराशेहून अधिक कारागीर आणि कलावंत त्या घरासाठी राबले. आत विजेचे दिवे लागतात, लिफ्ट चालते, नळाला पाणी येते, संडाससुद्धा चालू आहेत. वाचनालयातली चिमुकली पुस्तके त्या काळच्या नामवंत लेखकांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली. 1924 साली वेम्बलीच्या प्रदर्शनात सोळा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. आज ते विंडसरच्या किल्ल्यात आहे.

आता तारखा बघा. 1920 ते 1923 बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते, पोटाला चिमटा काढून ग्रंथालयात दिवस घालवत होते. त्याच शहरात त्याच वर्षांत बाहुल्यांसाठी नळ बसत होते. इकडे परळच्या चाळीत नळाचे पाणी किती वेळ यायचे आणि मजल्यावरच्या संडासापुढे किती माणसे उभी असायची, ते चाळीत राहिलेल्यांना आम्ही सांगायला नको.

राणीच्या कारागिरांचा आम्हांला राग नाही. उलट त्यांची एक गोष्ट आम्ही उचलली. ते घर एका फुटाला एक इंच या मापाने बांधलेले आहे. जगभर बाहुलीघरे करणारे बहुतेक लोक हेच माप धरतात. आम्हीही तेच धरले. मापाने घर राणीचे की सुभेदारांचे हे विचारत नाही.

माप आणि हात

चाळीतली खोली दहा बाय बारा फुटांची धरली की खोके दहा बाय बारा इंचांचे होते. सोपे आहे. अवघड पुढेच आहे, कारण खऱ्या वस्तूचा एक इंच इथे एक सूतसुद्धा भरत नाही. कळशी एक फूट उंच असेल तर एक इंच, पाट दीड फुटाचा असेल तर दीड इंच. बाजारातली भातुकलीची भांडी आणून मांडू नका. त्यांत कढई हंड्याएवढी आणि कप बादलीएवढा असतो. असा एक जरी डाग राहिला तरी बघणाऱ्याला ते घर वाटत नाही, खेळणे वाटते.

खोके पंख्याच्या जाड पुठ्ठ्याचे, दोन थर एकावर एक चिकटवून. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हाळ्या एका थरात उभ्या आणि दुसऱ्यात आडव्या आल्या पाहिजेत, नाहीतर भिंत पावसाळ्यात वाकते. चिकटवायला फेविकॉल घ्या. कणकेची खळ स्वस्त पडते, पण महिन्याभरात झुरळे घर खाऊन टाकतात. सारवलेल्या जमिनीसाठी चहाचा चोथा धुऊन, उन्हात कडक वाळवून, चुरून फेविकॉलमध्ये कालवला आणि बोटांनी फिरवला. बोटांचे अर्धगोल तसेच राहू द्यायचे. भिंतीला चुना, त्यात नावाला नीळ. चुलीच्या वरच्या भिंतीवर काळा रंग लावू नका. पणतीवर बशी धरा, काजळी धरली की बोटाने भिंतीला लावा. धुराचा डाग धुरानेच उमटतो.

फुंकणी म्हणजे बॉलपेनची रिकामी रिफिल, इंचभर कापून पितळी रंग दिलेली. सरपण म्हणजे खराट्याच्या काड्या. ताटल्यांना औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटावरचा चांदीचा कागद, शर्टाच्या बटणावर दाबून. हंडा-कळशीला कागदाचा लगदा आणि वर तांब्याचा रंग. रंग चमकत असेल तर वाळल्यावर राख चोळा. छोट्या वस्तूवर चमक आली की लगेच प्लॅस्टिक वाटते.

गोधडीविषयी मात्र थोडे थांबून सांगावे लागेल. नवे कापड वापरले की गोधडी पत्र्यासारखी ताठ उभी राहते, कारण गोधडी लहान झाली तरी कापडाची जाडी काही लहान होत नाही. धुऊन धुऊन विरलेले सुती लुगडे पाहिजे. नक्षीही बघून घ्यायची. मोठ्या फुलांचे कापड घेतले तर एकेक फूल परातीएवढे दिसते. आमच्यातल्या एका बाईने नखाएवढी ठिगळे एकसूत धावदोऱ्याने शिवून सहा इंचांची गोधडी केली, त्यात तिचे चार रविवार गेले. शिवून झाल्यावर ओली करून, चुरगाळून, अर्धी उलटून ठेवली. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. ती का उलटली ते पुढे येते.

जाते आणि शेळी

ही खोली कशी होती ते धनंजय कीरांच्या चरित्रामुळे पुष्कळांना माहीत आहे. एकच खोली. स्वयंपाक, झोप, अभ्यास सगळे तिथेच. एवढी अडचण, की सुभेदार भीमाला संध्याकाळीच झोपायला लावत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागी स्वतः लवंडत. उशाशी जाते, पायाशी शेळी, आणि मिणमिणता दिवा.

आम्ही जाते घडवायला घेतले तेव्हा वस्तीतले एक जाणते गृहस्थ म्हणाले, “अहो, जातं आणि शेळी कशाला दाखवता? बाहेरचे लोक बघायला येतील. बाबासाहेबांना सुटात दाखवा, हातात संविधान द्या. गरिबीचं प्रदर्शन मांडू नका.”

हे बोलणे उडवून लावण्यासारखे नाही. आपल्या माणसांची गरिबी दाखवून टाळ्या मिळवणारे पुष्कळ झाले. पण सुटातले, संविधान हाती घेतलेले बाबासाहेब चौकाचौकांत उभे आहेतच. रात्री दोन वाजता उठणारा पोरगा कुठे आहे? ज्या मुलीच्या घरात आज चार माणसांत एकच खोली आहे आणि जिची बारावी आहे, तिला कोणता पुतळा जास्त कळेल? असा वाद दोन बैठका चालला. तिसऱ्या बैठकीला त्याच गृहस्थांच्या आई आल्या. चुलीकडे पाहिले, मांडणीकडे पाहिले, आणि जाते करणाऱ्या मुलीला म्हणाल्या, “पोरी, जात्याखाली फडकं कुठाय? पीठ काय भुईवर पडणार का?” मुलीने लगेच फडके कापले. त्यानंतर शेळीविषयी कुणी बोलले नाही.

जात्यासाठी सोड्याच्या बाटलीचे झाकण साच्यासारखे वापरले. दोन तळ्या मातीच्या, वरचीला मधोमध भोक, खुंटा काडेपेटीच्या काडीचा. दगडाचे टाके टाचणीने ओल्या मातीतच पाडले. शेळी बसलेली केली, उभ्या शेळीचे पाय मोडतात. तिच्यापुढे कोथिंबिरीची वाळलेली काडी, गळ्यात दोऱ्याचे दावे.

गिरणीत आयुष्य घालवलेल्या एका काकांनी खिडकीचे गज केले. त्यांच्या चाळीत गज लाकडी होते, म्हणून इथेही लाकडीच. आगपेटीच्या काड्या घासून घासून त्यांनी त्या अशा गोल केल्या की आम्ही बघतच राहिलो. सुभेदारांची लष्करी पेटी मात्र आमच्या तर्काची आहे. पलटणीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरी पत्र्याची पेटी असणारच, असे आम्ही धरले, आणि प्रदर्शनाच्या पाटीवर तसे स्पष्ट लिहिले. ऐकलेले काय, वाचलेले काय आणि अंदाज काय, हे पाटीवर वेगवेगळे असलेच पाहिजे.

भिंतीवर काय लावायचे?

दुसरा वाद तरुणांनी काढला. भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर हवी, दारावर पंचशील ध्वज हवा. भावना चांगली. पण हे घर 1907 चे आहे. दीक्षाभूमीवर आपण धम्म स्वीकारला तो 14 ऑक्टोबर 1956 रोजी. सुभेदार कबीरपंथी. त्यांच्या घरी पहाटे दोहे आणि अभंग म्हटले जात, हा इतिहास आहे. तो पुसून तिथे तसबीर टांगली तर ते घर सुभेदारांचे राहत नाही. आमच्यातली एक आठवीतली मुलगी म्हणाली, “मग बुद्ध या खोलीत आलेच नाहीत का?”

आले. मॅट्रिक झाल्याबद्दल भीमरावांचा सत्कार झाला, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र भीमरावांना भेट दिले. पुढे 1956 पर्यंत गेलेल्या वाटेचे हे पहिले पाऊल या खोलीत पुस्तकाच्या रूपाने आले होते.

तेव्हा तसबिरीऐवजी पुस्तक केले. सात इंचांचे पुस्तक आमच्या मापात जेमतेम पाच सूत उंच, साडेतीन सूत रुंद होते. पतंगाच्या पातळ कागदाची आठ पाने, मध्ये दोऱ्याचे दोन टाके, पुठ्ठ्याऐवजी पोस्टकार्ड. नाव त्या आठवीतल्या मुलीने भिंग धरून, टाकाच्या टोकाने लिहिले. दिव्याजवळ ते उघडे ठेवले आहे.

दिवा म्हणजे रोषणाईच्या माळेतला एक पिवळा एलईडी, शाईच्या ड्रॉपरच्या टोकात बसवलेला. मागे तीन व्होल्टचा बटणसेल. हा सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततो. झाकणाला स्क्रू लावून टाका. आणि दिवा छताला टांगू नका, जमिनीवर ठेवा. मग जात्याची सावली भिंतीभर चढते आणि खोली किती अडचणीची होती ते न सांगता दिसते.

बाहुली मात्र या बाहुलीघरात एकही नाही. बाबासाहेबांचा चेहरा मातीत इंचभर करायला गेलो तर तो कुणाचाच चेहरा होणार नाही. उलटलेली गोधडी आहे, पेटता दिवा आहे, उघडे पुस्तक आहे, त्यापुढे रिकामा पाट आहे. प्रदर्शनात पोरे वाकून बघत आणि एकमेकांना विचारत, “गेला कुठं तो?” काही पोरांनी शेळीला विचारले.

पुढची खोली

आता पोरांना परळच्या बीआयटी चाळीतल्या 50 आणि 51 नंबरच्या खोल्या करायच्या आहेत. तिथे बाबासाहेब आणि रमाई 1934 पर्यंत राहिले, महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषदा त्याच खोल्यांतून झाल्या. दोन खोल्या आणि मधली वाट, म्हणजे काम दुप्पट. पण आम्हांला घाई आहे ती वेगळ्याच खोल्यांची.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथल्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. आपली हजारो माणसे 160 चौरस फुटांच्या त्या खोल्यांत जन्मली, शिकली, चळवळीत गेली. नवे घर मोठे आहे, ते मिळालेच पाहिजे. पण जुन्या खोलीची किल्ली देण्याआधी एक दुपार काढा. टेप घ्या, वही घ्या, पोरांना बरोबर घ्या. दाराची उंची आणि उंबऱ्याची जाडी, खिडकीचे गज किती, मोरीचा कठडा जमिनीपासून किती वर, फळी कोणत्या भिंतीला होती आणि तिच्यावर कोणता डबा कुठे, बाबासाहेबांचा फोटो कोणत्या खिळ्याला, रात्री कोण कुणाच्या पायाशी झोपायचे, सगळे लिहून घ्या. फोटो काढालच, पण फोटोत माप येत नाही. आजी-आजोबा असतील तर त्यांना दारात खुर्ची टाकून बसवा आणि ते सांगतील तसे पोरांना खडूने जमिनीवर आखू द्या.